साळूबाईचं झुडूप झालं त्याची गोष्ट

बाळांनो, जंगलाविषयी मला जेवढं ठाऊक आहे तेवढं खुद्द सिंहालाही ठाऊक नसेल. अख्खं जंगल मी या डोळ्यांनी पाहिलंय. एसटीच्या खिडकीतून. घाटात जरा डोळा लागला, त्यामुळे मधलं राहिलं. पण मधे असतं काय? झाडंच ना!

बाळांनो म्हटलं म्हणून फुगून बसू नका. ज्यांना टक्कल पडलंय, ज्यांच्या टेबलावर काच आहे, ज्यांच्या दारावर पाटी आहे, तीसुद्धा या गोष्टीपुरती बाळंच. मांडी घालून बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पण मनातून मांडी घाला.

तर, एका जंगलात कागद नव्हता. सगळी माहिती पोपटांकडे असायची.

कोण कुठे राहतं, कोण काय खातं, कोणाला पिल्लं किती, सगळं पोपटांना पढवून ठेवलेलं. मिरची दाखवायची, नाव विचारायचं, की पोपट घडाघडा सांगायचा. शहरातले लोक याला डेटा म्हणतात. पोपट बसतात ती फांदी म्हणजे डेटाबेस. मिरची म्हणजे पासवर्ड. आणि पहिल्या पोपटाच्या मागे बसून तेच तेच बोलणारा दुसरा पोपट म्हणजे बॅकअप. हे मला माझ्या भाच्यानं सांगितलं. मी विचारलं, ‘‘पहिला पोपट चुकीचं बोलला तर दुसरा काय करतो रे?’’

‘‘मामा, तोही तेच चुकीचं बोलतो. त्यालाच तर बॅकअप म्हणायचं.’’

जंगलात प्रत्येक खात्याचे पोपट वेगळे होते. तळ्याचं खातं रेड्याकडे. बिळांचं घुशीकडे. लागवडीचं अस्वलाकडे. सुरक्षेचं हरणांकडे. आता सिंह तर एकच. पण तळ्याच्या पोपटाला विचारलं तर तो म्हणायचा, ‘वनराज.’ बिळांचा पोपट म्हणायचा, ‘बिनघराचा.’ हरणांचा पोपट एकच शब्द बोलायचा, ‘धोका.’ तिघंही खरं बोलत होते. आणि प्रत्येक खातं आपल्याच पोपटाला विचारायचं, त्यामुळे कोणाचंच काही अडत नव्हतं.

इथे आमच्या गोदाबाईंनी मला थांबवलं. गोदाबाई म्हणजे आमची मंडळी. मी लिहीत जातो, मोठ्यानं वाचत जातो, आणि त्या वाल सोलत ऐकत बसतात.

‘‘अहो, तिघं तीन तऱ्हा बोलतात, आणि तिघंही खरे कसे?’’

‘‘अगं, मला तुझ्या माहेरी जे म्हणतात आणि माझी आई जे म्हणायची, ते दोन्ही खरंच ना?’’

‘‘माहेरचं खरं,’’ त्या म्हणाल्या.

तर पुढे चला.

एका उन्हाळ्यात ओढे आटले, डबकी सुकली. पाणी राहिलं ते एकाच तळ्यात. तेही पुरवून पुरवून प्यायचं. तेवढ्यात कळलं की कोल्हा तीन-तीनदा पाणी पिऊन जातो. एकदा कोल्हा म्हणून, एकदा लांडग्याचा धाकटा म्हणून, एकदा मोकाट कुत्रा म्हणून. आणि तिन्ही नावं कुठल्या ना कुठल्या पोपटाला पाठ!

सिंहमहाराज खवळले. ‘‘पुरे झाला हा गोंधळ. आजपासून एक जंगल, एक बोल! सगळ्या खात्यांच्या पोपटांचा समन्वय झालाच पाहिजे. आणि बोल एक झाला की कोणी तो परस्पर बदलायचा नाही!’’

या कामावर बगळ्याची नेमणूक झाली. बगळा दूरच्या तळ्यावरून समन्वय शिकून आला होता. समन्वय म्हणजे काय, बाळांनो? एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि इतरांना एकमेकांशी बोलायला लावायचं. फार अवघड विद्या. दुसरा पाय टेकला की नापास.

बगळ्यानं सगळे पोपट एका उंबरावर आणून बसवले. मग नियम सांगितला.

‘‘जिथे पोपटांचं एकमेकांशी जुळत नाही, तिथे जो जास्त वेळा आणि जास्त मोठ्यानं बोलेल त्याचं खरं. बाकीच्यांनी तेच पाठ करायचं. वेगळं बोलेल त्याची मिरची बंद.’’

उंबरावर असा कल्ला उठला की दोन दिवस उंबरं आपोआप गळत होती. तिसऱ्या दिवशी सगळे पोपट एका सुरात बोलू लागले. बगळ्यानं एक डोळा उघडला, समाधानानं मान हलवली आणि पुन्हा मिटला.

आता साळूबाईकडे वळू. साळूबाई ही साळिंदर. रात्री हिंडायची आणि दुपारी काटे फुलवून, तोंड पोटाशी घेऊन झोपायची. लागवड खात्याची मोजणी दुपारीच होते, कारण सकाळी ते चहा पितात. मोजणाऱ्यांनी पाहिलं, काटेरी आहे, हलत नाही. झालं. पोपटाला पढवलं, ‘झुडूप! करवंदाचं! जोमात आहे!’ हिरवळ कशी वाढतेय हे अस्वलाला दर आठवड्याला महाराजांपुढे म्हणून दाखवावं लागे, म्हणून त्याचा पोपट दिवसभर तेच घोकायचा. घुशीचा पोपट ‘साळिंदर, बीळ एक, पिल्लं दोन’ असं एकदाच बोलला होता. पुन्हा त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा उंबरावर कोणाचं खरं ठरलं, हे तुम्हाला सांगायला नको.

साळूबाई पिल्लांना घेऊन तळ्यावर आली. पिल्लांच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या. वाटेवर रेडा आडवा उभा. त्याच्या शिंगावर पोपट.

‘‘नाव?’’ रेडा म्हणाला.

‘‘नाव काय विचारतोस रेडेभाऊ? परवापर्यंत तुझ्याच मागे उभी राहून पाणी पीत होते की मी.’’

‘‘ताई, ओळख वेगळी, नोंद वेगळी.’’ रेड्यानं पोपटाला मिरची दाखवली.

‘‘झुडूप! करवंदाचं! जोमात आहे!’’ पोपट ओरडला.

‘‘झुडपं तळ्यावर येत नाहीत. ती मुळांनी पाणी पितात,’’ रेडा म्हणाला.

‘‘मला मुळं दिसतात का तुला?’’

‘‘मुळं जमिनीत असतात ताई. दिसतील कशी?’’

‘‘अरे मेल्या, मी चालत आले ना इथवर!’’

रेड्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘‘तेवढं मी पाहिलं नाही असं समजतो. झुडपानं जागा सोडणं गुन्हा आहे. जा आता गुपचूप.’’

साळूबाई तरातरा बगळ्याकडे गेली.

‘‘साहेब, माझी पिल्लं तहानेनं मरतील. मी झुडूप नाही हो!’’

‘‘दिसतंय मला,’’ बगळा डोळे मिटूनच म्हणाला. ‘‘चूक मान्य आहे. पण चूक समन्वयानं झालीय, तेव्हा ती समन्वयानंच सुधारणार. सगळ्या पोपटांनी एकाच वेळी नवं बोललं पाहिजे.’’

‘‘मग बोलू दे की!’’

‘‘पहिला कोण बोलणार? जो पहिला बोलेल तो इतरांपेक्षा वेगळा बोलला असं होणार. त्याची मिरची बंद.’’

‘‘मग सगळे एकदम बोलू दे.’’

‘‘त्यासाठीच बैठक लावलीय.’’

‘‘कधी आहे?’’

‘‘सगळ्या खात्यांना सोयीची वेळ सापडली की.’’

‘‘आणि ती कोण शोधतंय?’’

‘‘त्यासाठीही एक बैठक आहे.’’

साळूबाई घुशीकडे गेली. घूस तिची जुनी शेजारीण. घुशीनं तिला आडोशाला नेलं. ‘‘साळूताई, तू साळिंदर आहेस हे मला कळतं गं. शपथ घेऊन सांगते. पण पोपटाच्या मिरचीतली अर्धी मीच खाते.’’

बिचारी साळूबाई बिळाच्या तोंडाशी जाऊन बसली. पिल्लं एकमेकांचे काटे चाटत होती. काट्याला कसलं पाणी?

सकाळी अस्वल फावडं घेऊन हजर. ‘‘जागा सोडून हिंडणारं करवंद म्हणतात ते हेच का?’’

त्यानं खड्डा खणला, साळूबाईला उचलून आत ठेवलं आणि गळ्यापर्यंत माती लोटली. साळूबाईनं रागानं त्याच्या पंजात दोन काटे घुसवले.

‘‘जोमात आहे!’’ अस्वल खूश होऊन म्हणालं.

मग त्यानं हाक मारली आणि हत्ती आला. लागवड खात्याला तळ्यावर अडवत नसत, कारण रोपं वाळली तर महाराज रागवायचे. हत्तीनं सोंडभर पाणी आणलेलं. ते त्यानं साळूबाईच्या डोक्यावर सोडलं.

साळूबाई शिव्या द्यायला तोंड उघडणार होती. तोंड उघडलं आणि त्यात पाणी आलं. गार, गोड पाणी. ती प्यायली. पुन्हा प्यायली. मग शिव्या बाजूला ठेवून अगदी लाघवी आवाजात म्हणाली, ‘‘अस्वलदादा, माझ्या बुंध्याशी दोन फुटवे आलेत बघ.’’

पिल्लं धावत येऊन खड्ड्यात बसली. अस्वलाचे डोळे भरून आले. लावल्या लावल्या फुटवे! त्याच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. त्यानं हत्तीला आणखी दोन सोंडा पाणी आणायला पाठवलं.

‘‘बाई हुशार हो,’’ गोदाबाई म्हणाल्या.

‘‘बायका असतातच हुशार.’’

‘‘लोणी नका लावू. सांगा पुढचं.’’

पुढचं असं की, त्या दिवशी सिंहमहाराज स्वतः तळ्यावर आले. रेडा वाकून बाजूला होणार, तोच शिंगावरचा पोपट बोलला, ‘‘धोका!’’ हरणं दिवसभर हाच शब्द ओरडत असत, तेव्हा उंबरावर दुसरं काय टिकणार?

रेडा पुन्हा आडवा झाला. घामानं निथळत म्हणाला, ‘‘महाराज, धोक्याला तळ्यावर सोडू नये असा हुकूम आहे. आपलाच आहे.’’

महाराजांनी अशी डरकाळी फोडली की पोपट शिंगावरून खाली पडला. पडल्या पडल्या ओरडला, ‘‘धोका! धोका! धोका!’’

‘‘बघा,’’ रेडा म्हणाला, ‘‘आता तर खात्रीच पटली.’’

महाराज बगळ्याकडे गेले. बगळा थरथरला, पण दुसरा पाय टेकला नाही. ‘‘महाराज, आपण म्हणत असाल तर आत्ता बदलतो. पण बोल एक झाला की परस्पर बदलायचा नाही, असं आपण सगळ्यांदेखत म्हणाला होता. आपला शब्द मोडू की पोपट मोडू?’’

राजाला शब्द प्यारा असतो. विशेषतः सगळे ऐकत असतात तेव्हा. महाराज मान खाली घालून निघाले आणि हिंडत हिंडत साळूबाईच्या खड्ड्यापाशी आले. साळूबाईच्या काट्यांवरून पाणी ठिबकत होतं.

‘‘साळू, तुला पाणी कसं मिळतं?’’

‘‘मी करवंद आहे, महाराज.’’

महाराजांनी ओठ चाटले. ‘‘आणि मी कोण होऊ?’’

साळूबाईनं त्यांच्या आयाळीकडे पाहिलं. ‘‘झेंडू शोभेल.’’

‘‘अगं, मी राजा आहे!’’

‘‘असाल. पण पोपट म्हणतो का तसं?’’

महाराजांनी एकवार तळ्याकडे पाहिलं. मग अस्वलाला म्हणाले, ‘‘माझा खड्डा जरा ऐसपैस खण.’’

बाळांनो, राजा खड्ड्यात उतरल्यावर प्रजा वर कशाला थांबेल? हरणं शिंगं उभी करून वठलेल्या बोरी झाली. माकडं वेली झाली. घूस गळ्यापर्यंत पुरून घेऊन सुरण झाली. कोल्ह्यानं तीन खड्डे मागितले. रेड्याची तर गंमतच होती. त्यालाही तहान लागलेली, पण शिंगावरचा पोपट त्याला ‘फाटक’ म्हणायचा, आणि फाटकाला कोण पाणी देतो? तोही काळा बुंधा होऊन उभा राहिला. बगळ्याला फारसं काही करावं लागलं नाही. एका पायावर उभाच होता, देठ आयताच मिळाला. तो कमळ झाला. आणि पोपट मुळातच हिरवे. ते ज्याच्या त्याच्या डोक्यावर बसून पानं झाले.

हत्तीला पोपट ‘नळ’ म्हणायचे. नळालाही तहान लागते, हे कुठल्याच खात्याच्या ऐकण्यात नव्हतं. तेव्हा तोही पिंपळ होऊन खड्ड्यात उतरला. राहता राहिलं अस्वल. इतकं सुंदर वन त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला राहवेना. त्यानं फावडं टाकलं आणि महाराजांच्या शेजारी खड्ड्यात तुळस होऊन उभं राहिलं.

शेजारच्या जंगलाचे राजे पाहायला आले. त्यांनी मिरची दाखवून विचारलं, ‘‘इथे काय काय आहे?’’ सगळे पोपट एका सुरात म्हणाले, ‘‘झाडं! झाडं! झाडं!’’ त्यांनी चहूकडे पाहिलं. खरोखरच झाडंच होती. नोंदीत आणि जंगलात तसूभर फरक नाही! असा समन्वय आमच्याकडे कधी व्हायचा, म्हणून राजे हळहळले आणि जाताना पाण्यातल्या कमळाला हार घालून गेले.

तात्पर्य : नोंद चुकली तर नोंद सुधारत बसू नये, आपण सुधारावं. पोपट अनेक असतात, त्यांना एकमेकांचं बघावं लागतं. आपण एकटे. आपल्याला बदलायला बैठक लागत नाही.

एवढं लिहून मी ऐटीत लेखणी खाली ठेवली आणि गोदाबाईंकडे पाहिलं. त्यांनी वालाचं सूप बाजूला सारलं.

‘‘ते सगळं ठीक आहे हो. पण हत्ती खड्ड्यात, अस्वलही खड्ड्यात. मग साळूबाईच्या पिल्लांना पाणी कोण घालत होतं?’’