शंभर डॉलरच्या आतली डायरी

फेब्रुवारी २००३ च्या पहिल्या सोमवारी नेब्रास्कातल्या लिंडग्रेन काउंटीच्या रस्ते खात्याने ठराव केला, की खात्याच्या लक्षात ठेवण्याच्या कामाचे आधुनिकीकरण करण्यात यावे. त्यासाठी साहेबांना एक डिजिटल डायरी घ्यावी. हातात मावणारी, प्राथमिक दर्जाची आणि, पैसा जनतेचा असल्यामुळे, शंभर डॉलरच्या आतली.

तोवर हे काम आर्डिस हाल्वर्सन करीत असे. चौतीस वर्षे. ती लागली तेव्हा टेबलावर टीपकागद होता, टेलिफोनला तबकडी होती, आणि कोणत्या वळणावर बर्फ आधी साचतो हे लोक तिला विचारायला येत. टीपकागद गेला, तबकडी गेली, विचारणारे राहिले. साहेबांच्या बैठका, साहेबांच्या सासूबाईंचा वाढदिवस, सगळे तिच्या डोक्यात. निवृत्तिवेतनाला चौदा महिने उरले होते आणि ठरावाच्या तळाशी लिहिले होते, 'यंत्र येताच सध्याची व्यवस्था बंद करावी.' सध्याची व्यवस्था म्हणजे आर्डिस. ठराव टाइपही तिनेच केला.

नियमाप्रमाणे तीन दरपत्रके हवी होती. गावात अशा डायऱ्या विकणारी दुकाने दोनच. खरेदी विभागातली कोरीन फाइल घेऊन आर्डिसपाशी आली.

"आर्डिसबाई, तिसरं दरपत्रक तुमच्या नावाचं घालू का? नुसतं कागदापुरतं हो."

"घाल की. माझं नाव आजवर कुठं कुठं कागदापुरतंच आहे."

आर्डिसने दरपत्रक सुवाच्य अक्षरात भरले. स्मरणक्षमता: चौतीस वर्षे, अजून जागा आहे. पडदा: चष्मा लावल्यास स्वच्छ. ऊर्जा: कॉफी, बिनदुधाची. जादा खर्च: शून्य.

मग तिन्ही यंत्रांची चाचणी झाली. पहिल्या डायरीवर बारीक काडीने त्या यंत्राने ठरवलेल्या पद्धतीची अक्षरे गिरवावी लागत. साहेबांनी, म्हणजे ड्वेन प्रोखास्कांनी, स्वतःचे नाव तीनदा लिहिले आणि डायरीने तीन वेगवेगळ्या माणसांची नोंद केली. दुसरीच्या बॅटऱ्या जेवणाच्या सुट्टीत संपल्या आणि सकाळी भरलेले सारे पुसले गेले. मग साहेब मोठ्या खुशीत आर्डिसकडे वळले.

"आता तुम्ही. टर्की क्रीक ओढ्यावरच्या पुलाबद्दल काय नोंद आहे?"

"ऑगस्ट ८८. पुढच्या वसंतात दुरुस्त करतो, असं तुम्ही जत्रेत माइकवरून सांगितलंत. चौदा वसंत झाले. हातात तेव्हा मक्याचं कणीस होतं."

"कणसाची माहिती अनावश्यक आहे," साहेब म्हणाले.

पण सर्व अटी पूर्ण करणारे सर्वांत स्वस्त यंत्र नाकारता येत नाही, हा कायदा होता. आर्डिसची रीतसर खरेदी झाली. तिच्या स्वेटरवर मालमत्ता क्रमांक ४४७१ चे लेबल चिकटवण्यात आले. नोकरी वाचली म्हणून तिने ते मुकाट्याने लावून घेतले आणि धुताना निघू नये म्हणून वरून टाके घातले.

डिजिटल डायरीतला मजकूर रोज संगणकात उतरवावा, असा नियम खात्याने आधीच करून ठेवला होता. आर्डिस रोज दोनपासून पाचपर्यंत संगणकापाशी बसून आठवेल ते टाइप करू लागली. आणि काउंटीच्या संगणकातला मजकूर जनतेचा असल्यामुळे तो छापून न्यायालयाच्या दाराशी फलकावर लागू लागला.

पहिला आठवडा साहेबलोकांचा गेला. कोणी काय कबूल केले, कोण शुक्रवारी तीनला दंतवैद्याकडे म्हणून मासे पकडायला गेला. लोक कॉफीचे पेले घेऊन फलकाशी उभे राहत. मका पिकवणारा डेलबर्ट वोर्टमन मोठ्याने वाचून दाखवी.

"हे ऐका! प्रोखास्कांची पाठदुखी, आणि त्याच दिवशी चौदा पौंडांचा मासा! लोकशाही म्हणजे ही बरं का! असं पाहिजे!"

दुसऱ्या सोमवारी आर्डिसची आठवण जनतेपर्यंत पोहोचली. काउंटीच्या गटारात जुना फ्रिज कोणी ढकलला. कोणाच्या कुंपणाचे खांब रस्त्याकडे दोन फूट चालत आले, तेही तीन वर्षांत, हळूहळू. सरकारी ढिगातली खडी कोणाच्या अंगणात पसरली. त्या नोंदीत डेलबर्टच्या अंगणाची लांबी-रुंदीही होती.

डेलबर्ट तडक कचेरीत आला. "हे पुसा!"

"मला पुसायचं बटण नाही रे, डेलबर्ट. स्वस्तातलं मॉडेल आहे."

दोन दिवसांत काउंटीचे एकमत झाले. सन १८८७ पासून, म्हणजे काउंटी झाल्यापासून, असे पहिल्यांदाच घडत होते. जनतेची मागणी स्पष्ट होती: बॅटरी संपताच सर्व काही विसरणारी ती दुसरी डायरीच घ्या. पण सरकारी पैशातून एका वर्षात दोन यंत्रे घेता येत नव्हती. तेव्हा अग्निशमन दलाच्या सभागृहात चिली, म्हणजे राजमा-मांसाचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल असे जेवण ठेवून वर्गणी काढायचे ठरले. आर्डिसचे काय, असे कोरीनने विचारले. तिचे चौदा महिने पुरे व्हावेत, असे सगळ्यांनीच मनापासून म्हटले. फक्त ते अकरा मैलांवरच्या खडीच्या खाणीवर, जिथे संगणक नाही. टेलिफोनही नको, असे डेलबर्टने सुचवले आणि त्याला अनुमोदन मिळाले.

आर्डिसला हे चालण्यासारखे होते. निवृत्तिवेतन खाणीवरूनही तेवढेच मिळते. जेवणाच्या दिवशी ती दाराशी खुर्ची टाकून बसली आणि रोल खाऊ लागली. वर्गणीचा डबा टेबलाटेबलावरून फिरला. रोल संपण्याआधी तो भरत आला.

"देणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची का?" कोरीनने विचारले.

"नावं कशाला?" साहेब आणि डेलबर्ट एका सुरात ओरडले. "गुप्तदान आहे हे!"

"लिहू नकोस गं," आर्डिस बोटांवरची साखर पुसत म्हणाली. "मी बघतेय."

काही जणांनी हात मागे घेतले, काहींनी आणखी एक नोट टाकली. वाचकहो, इथवर तुम्ही डेलबर्टला हसलात. आता डबा तुमच्या टेबलाशी आला आहे.