शेवटच्या प्रकरणातला पंप

लेखकाला वाचनाचं वावडं होतं. लिहायला बसला की तहानभूक विसरायचा. पण पुस्तक हातात घेतलं की तिसऱ्या पानावर डोळे मिटलेच. मुलाखतीत कुणी विचारलं, "सध्या काय वाचताय?" तर तो गंभीर चेहऱ्याने म्हणे, "सध्या पुन्हा वाचतोय." काय, ते विचारायची कुणाची छाती होत नसे.

दुसऱ्यांचं सोडाच, स्वतःच्या अकरा कादंबऱ्यांपैकी एकही त्याने छापून आल्यावर उघडली नव्हती. आचारी कुठे स्वतःच्या हातचं चवीने जेवतो, अशी तो मनाची समजूत घालायचा. छपाईआधी मुद्रितं तपासायचं काम बायकोकडे. ती जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसायची. पुस्तक बाहेर पडलं की समीक्षक हमखास लिहायचे, 'शेवट करावा तर यांनीच.' लेखकाची सगळी अब्रू त्या शेवटांवर उभी होती. आधीच्या तीनशे पानांबद्दल कुणी फारसं बोलत नसे.

बारावी कादंबरी छापायला गेली आणि नेमका बायकोच्या बहिणीचा पाय मोडला.

"मी निघाले तिच्याकडे. या खेपेला मुद्रितं तुम्हीच बघा."

"मी? अगं, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय."

"डोळे मिटल्यावर कुठलाच चष्मा चालत नाही. निदान शेवटचं प्रकरण तरी वाचा. काही बदलावंसं वाटलं तर बदला."

"माझ्या शेवटात बदल? लोक माझे शेवट वाचून रडतात!"

बायको बॅगेची चेन ओढून निघून गेली.

मुद्रितांचा गठ्ठा आला. प्रत्येक पानाखाली 'वाचले' असं लिहून सही करायची, असा प्रकाशकाचा नियम. लेखकाने पहिली दोन पानं खरंच वाचली. तिसऱ्यावर नेहमीचं झालं. जाग आली तेव्हा गालावर शाई उमटली होती आणि प्रकाशकाचा माणूस दारात उभा होता. त्याला बसायला सांगून लेखकाने सह्यांचा सपाटा लावला. सही मात्र प्रत्येक पानावर सुरेख आली.

प्रकाशन समारंभाला सभागृह गच्च भरलं. बायको बॅगेसकट थेट तिथेच आली आणि तिसऱ्या रांगेत बसली. प्रकाशकाने माईक हातात घेतला. "आता लेखक स्वतः शेवटचं प्रकरण वाचून दाखवतील!"

लेखक माईकपाशी गेला. वाचायचं, आणि तेही जागं राहून! पण करतो काय? त्याने घसा खाकरला.

"'तिने दार उघडलं. तो समोर उभा होता. ती म्हणाली...'" पान उलटलं. "'प्रथम मुख्य बटण बंद करावे. पंप पाणी चढवत नसल्यास घाबरून जाऊ नये. झाकण काढून आत पाणी ओतावे...'"

शाळेत असल्यापासून लेखकाचं वाचन असंच होतं. तोंड चालायचं, लक्ष भलतीकडेच. पंप दुसऱ्यांदा आला तेव्हा तो अडखळला. पानाच्या तळाशी वॉशरचं चित्र होतं. आता थांबलं तरी फजिती, नाही थांबलं तरी फजिती. त्याने आवाज कापरा केला आणि वॉशर बसवण्याची कृती शेवटपर्यंत वाचली. 'काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत' या वाक्यावर कादंबरी संपली.

अध्यक्षस्थानी बसलेले समीक्षक उठले. त्यांनीही पुस्तक वाचलं नव्हतं, पण त्यांना सवय होती.

"'घाबरून जाऊ नये'! केवढा धीर आहे या तीन शब्दांत! यांचा आजवरचा सर्वांत धाडसी शेवट!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेत बायको तोंडात रुमाल कोंबून गदगदत होती.

लेखकाने प्रकाशकाला मागच्या खोलीत गाठलं. "हे काय छापलंय?"

"पंपाची माहितीपुस्तिकाही आमच्याकडेच होती. पानांची अदलाबदल झाली असणार," प्रकाशक शांतपणे म्हणाला. "पण साहेब, प्रत्येक पानावर 'वाचले' म्हणून तुमची सही आहे. वॉशरच्या चित्राखालीसुद्धा."

लेखक मुकाट्याने घरी आला आणि खुर्चीत कोसळला.

"संपलं सगळं! माझ्या शेवटांवर तर माझं नाव होतं."

"तुमचे शेवट होते कुठे?" बायको बॅग उघडत म्हणाली.

"म्हणजे?"

"अकराच्या अकरा मी लिहिलेत. तुमचा नायक प्रत्येक वेळी मरायचा. कधी तापाने, कधी पुलावरून, एकदा तर उगीचच. मुद्रितं तपासताना मला बघवेना. म्हणून पहिल्याला वाचवला. वाटलं, पुस्तक आलं की तुम्ही घर डोक्यावर घ्याल. तुम्ही उघडलंच नाही. मग मी वाचवतच गेले."

"अगं, मी त्या शेवटांवर भाषणं दिलीत!"

"ऐकलीत की सगळी. चांगली होती." ती बॅगेतल्या साड्या काढू लागली. "वाट बघत होते. एकदा तरी वाचाल आणि विचाराल, हे कुणी लिहिलं म्हणून."

ती हसतच बोलली, पण लेखकाच्या ते जिव्हारी लागलं. तो उठला, आपली पहिली कादंबरी काढली आणि शेवटचं प्रकरण उघडून बसला. बायको चहा ठेवायला आत गेली. दोन पानं उलटल्याचा आवाज आला. आता घोरणं सुरू होणार, म्हणून ती कान देऊन उभी राहिली. पण तिसरं पान उलटलं. चौथंही.

चहा गार झाल्यावर लेखक दारात आला. नाक लाल, डोळे ओले.

"काय लिहिलंय गं! या बाईंचं आणखी काही आहे का घरात?"

"दहा आहेत," बायको म्हणाली. "पण शेवटाकडूनच उघडा हं. प्रत्येकाच्या आधी तीनशे पानं तुमची आहेत."