पुसलेल्या सह्या

बेअरिंगकाकांनी पहिल्या फ्रेमवरचा कागद काढला आणि ते मटकन खाली बसले. चित्राखालची सही गायब होती.

चाळीस वर्षं बेअरिंगचा धंदा केल्यावर दुकान मुलीच्या हवाली करून काकांनी छापचित्रं जमवायला घेतली होती. आज पाच वाजता त्यांच्याच दिवाणखान्यात मास्तरांच्या अकरा चित्रांचं प्रदर्शन होतं. लाकडावर कोरून हातानं छापलेली ही चित्रं त्यांनी रद्दीवाल्यांकडून, जुन्या कचेऱ्यांतून शोधून काढली होती. शाळेत याच मास्तरांनी त्यांच्या हातात पटाशी दिली होती. पुढं वडिलांनी दुकानात बसवलं आणि ती सुटली ती सुटलीच.

काकांनी धडाधड उरलेल्या फ्रेम उघडल्या. एकाही चित्राखाली सही नव्हती. त्यांनी फ्रेमवाल्याला फोन लावला.

"काका, खाली कुणीतरी पेन्सिलीनं गिरगटलं होतं. खोडरबरानं पुसून चकाचक केलं!"

"अरे, त्या सह्या होत्या!"

पलीकडून हळूच, "मी करून देऊ? साधारण आठवतेय."

काकांनी फोन आपटला. "सहीशिवाय लोक नकली म्हणतील गं!"

"मग खऱ्या माणसालाच लवकर बोलवा की," बायको म्हणाली.

मास्तर चारला आले. काका सदुसष्ट वर्षांचे, पण सातवीतल्या मुलासारखे मान खाली घालून उभे राहिले. झालेला प्रकार ऐकून मास्तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

काका एकेका फ्रेमची काच काढू लागले. मास्तरांनी पेन्सिल घेतली. पहिल्या चित्रापाशी हात थांबला.

"तेव्हा छापायचं यंत्र कुठलं रे! मी कोरायचो आणि आमची ही कागदावर चमचा घासून छापायची. दुपारभर, उभ्यानं. एकदा म्हणाली, माझं नाव कुठाय? मी म्हटलं, जागा कुठाय?"

मास्तरांनी प्रत्येक चित्राखाली दोन नावं लिहिली, आधी तिचं, मग आपलं. पाच वाजून गेले, पाहुणे दारात ताटकळले, पण अकरावं होईपर्यंत त्यांनी कुणाला आत घेऊ दिलं नाही.

लेकीचा हात धरून मास्तरीणबाई आल्या. मास्तरांनी त्यांना चित्रांसमोर नेलं. बाईंनी चष्मा लावला. एकेका चित्राखाली स्वतःचं नाव वाचत त्या पुढं सरकल्या. काकांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला.

सातव्या चित्रापाशी बाई थबकल्या, वाकल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "यात शाई जास्त झालीय. हा छाप मी टाकून दिला होता. याच्यावर माझं नाव कशाला घातलंत?"