चौसष्ट टेबलांवरचा अर्ज

श्वास घेणे म्हणजे हवा ओढणे, असा एक गैरसमज नाक असलेल्या लोकांत रूढ आहे. शास्त्राप्रमाणे श्वास म्हणजे खाल्लेल्या अन्नातला इलेक्ट्रॉन जवळ न ठेवता दुसऱ्याच्या गळ्यात घालणे. तुम्ही-आम्ही तो शेवटी प्राणवायूच्या गळ्यात घालतो. काही जंतूंना प्राणवायू सोसत नाही (लागला की मरतात), ते गंजलेल्या लोखंडाच्या गळ्यात घालतात. तिथवर पोचवायला त्यांच्या अंगात प्रथिनांची रांग असते. पहिलं दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला. कोणी ठेवून घेत नाही, आणि हे काय आहे म्हणून कोणी विचारतही नाही.

असे जंतू एका संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर एक बाई अकरा वर्षं सांभाळत होत्या. केंद्रात त्यांना जंतूबाई म्हणत (तोंडावर मॅडम). एका खोल विहिरीच्या गाळातून त्यांनी ही जात काढली होती. दुसरीकडे ती कुठेच नव्हती. प्राणवायू आत येऊ नये म्हणून नायट्रोजन भरलेल्या काचेच्या पेटीला रबरी हातमोजे बसवलेले होते. त्यांत कोपरापर्यंत हात घालून बाई आतल्या बाटल्यांचं हवं-नको बघायच्या. संध्याकाळी आईचा फोन यायचा, "जेवली का गं तुझी पोरं?" बाई म्हणायच्या, "जेवली." आणि ते खरं असायचं.

एका सोमवारी शेवटच्या सिलिंडरचा काटा त्यांनी पाहिला. नायट्रोजन आणखी नऊ दिवस पुरणार होता. बाईंनी तिथल्या तिथे नव्या सिलिंडरसाठी अर्ज लिहिला, आणि वरच्यांना निकड कळावी म्हणून त्यात प्रथिनांच्या रांगेची सगळी हकिकत घातली. चूक झाली ती इथे.

संचालक अर्ज वाचून भारावले. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"मॅडम, डोळ्यांना दिसत नाही एवढा जीव, पण शिस्त बघा. आणि आमच्याकडे एकेक कागद महिनोन् महिने लोळत पडतो."

"सर, ते सिलिंडरचं..."

"येईल हो सिलिंडर. अर्ज रीतसर जाऊ द्या की."

त्याच दुपारी परिपत्रक निघालं. कोणताही कागद कोणत्याही टेबलावर एका तासाहून अधिक थांबणार नाही. आलेला कागद वाचण्यात वेळ दवडू नये. निर्णय घेतल्याने कागद थांबतो, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

बाईंनी घाईघाईने परिपत्रकाला पुरवणी जोडली: रांगेच्या टोकाला घेणारा लागतो. लोखंड संपलं की शेवटच्या प्रथिनाचे हात भरलेले राहतात, मग त्याच्या आधीच्याचे, आणि जंतू गुदमरतो. हेडक्लार्कने ती खोडली, कारण परिपत्रक एका पानात बसत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात कागदांचा वेग तेरापट वाढला. कपाटं रिकामी झाली. कर्मचाऱ्यांपैकी अठ्ठ्याण्णव टक्के समाधानी आढळले (उरलेले दोन टक्के जिन्यात होते, हातात कागद घेऊन). निकाली निघालेले कागद किती, हा रकाना तक्त्यात नव्हता.

बाई अर्जामागे मजले चढत राहिल्या. खरेदी विभागात गेल्या तर तो भांडारात गेलेला, भांडारात गेल्या तर सुरक्षा विभागात. "आत्ताच दिला बघा पुढे, पाच मिनिटं नाही झाली. पटकन गेलात तर सापडेल." सगळे गोड बोलायचे. कोणी अडवलं असतं तर निदान भांडता आलं असतं. तीही सोय राहिली नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी काटा शून्यावर होता. मोज्याच्या कडेने हवा आत शिरली होती आणि बाटल्यांतला काळा गाळ तांबूस पडला होता. बाईंनी सवयीने मोज्यांत हात घातले. मग डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून त्या तशाच रडल्या.

दुपारी सभागृहात समारंभ झाला. नऊ दिवसांत चौसष्ट टेबलं फिरून कुठेही न रेंगाळल्याबद्दल त्यांच्या अर्जाला 'सर्वांत गतिमान कागद' म्हणून गौरवण्यात आलं. प्रशस्तिपत्र बाईंना मिळालं, आणि त्यासोबत अर्जही. त्यावर शेरा होता, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'. बाईंनी तो खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. तासाभराने, कागद अडवणारी केंद्रातली एकमेव व्यक्ती म्हणून, त्यांच्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला.

संध्याकाळी आईने विचारलं, "जेवली का गं पोरं?"

"नाही गं. गेली सगळी," बाई म्हणाल्या, आणि झालं ते सांगितलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे कुणाच्या तरी कानावर घालायला हवं." तिने ते मावशीला सांगितलं. मावशीने शेजारणीला, शेजारणीने तिच्या जावेला. प्रत्येकीला मनापासून वाईट वाटलं. अशी हातोहात ती गोष्ट आता तुमच्यापर्यंत आली आहे. तुम्हालाही वाईट वाटलं असेलच. तुमच्याकडे एक तास आहे.