रुफिनामावशीचा जिभेचा उपास

"मांस काय, या चाळीस दिवसांच्या उपासात सगळेच सोडतात फादर! मी यंदा चहाड्याच सोडल्या. ईस्टरपर्यंत कुणाबद्दल अवाक्षर काढणार नाही!" रुफिनामावशीनं भर चर्चमध्ये जाहीर केलं. फादर अम्ब्रोसियोंना ठसकाच लागला.

पुढचा महिना मावशीनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक! जीभ नुसती शिवशिवत होती. घरात बसवेना, अंगणात उभं राहवेना.

पवित्र आठवडा आला. येशूच्या दुःखाची कथा पाळीपाळीनं गायला बायका चर्चमध्ये जमल्या. रीतच होती, पुढच्या बाकांवर येशूची कथा आणि मागे आल्याच्या चहावर गावाची! तिथं सालुद येऊन टेकली. मावशीनं लहानाची मोठी केलेली भाची लिगाया ईस्टरनंतर हिचीच सून होणार होती.

"काय गं रुफिना, लिगाया स्वभावानं कशी?"

मावशीनं ओठ घट्ट मिटले आणि क्रुसाची खूण केली.

सालुदचा चहा हिंदकळला. "अगं बाई! मुलीचं चांगलं बोलायला कसला आलाय उपास? चांगलं असेल तर ना!"

झालं! मागे कुजबुज सुरू झाली. गाणं येशूच्या शेवटच्या भोजनापर्यंत पोचलं, तेव्हा त्या कुजबुजीत लिगायाचं आधी एक लग्न झालेलं होतं. येशूला शिक्षा सुनावून पिलातानं हात धुवेपर्यंत दोन मुलंही झाली! सालुदनं या सोयरिकीतून हात झटकले.

लिगाया रडतच धावत आली. "मावशी, बोल ना गं काहीतरी! लग्न मोडतंय माझं!"

मागोमाग फादर. "बाई, देवाची शपथ आहे तुम्हाला, तोंड उघडा! सोडला तुमचा उपास!"

"मुलगी गुणाची आहे हो! एक खोट नाही तिच्यात!" मावशी ओरडली.

गाणंसुद्धा थांबलं.

"एकही नाही?" सालुद पांढरीफटक पडली. "रुफिना, जन्मात कुणाबद्दल असं बोललीस का तू? म्हणजे काहीतरी भयंकरच आहे!"

मावशीला लिगायाचे हुंदके ऐकवेनात. काहीतरी खोट काढायलाच हवी होती!

"बरं बाई, सांगते. घोरते ती!"

"इतकंच ना?" सालुदचा जीव भांड्यात पडला. "मग आधीच नाही का सांगायचं!"

लग्न थाटात झालं. सासरच्यांनी आहेरात नवऱ्या मुलाला कानात घालायला पोतंभर कापूस दिला.

लिगाया अजून मावशीशी बोलत नाही. मात्र मावशीच्या घरात खरं घोरतं कोण, हे तिनं पुढच्याच रविवारी, मागच्या बाकावर बसून, सगळ्या गावाला सांगितलं.