ससुलीची बिनचूक नावड

एका जंगलात, बाळांनो, सगळं आलबेल होतं. फक्त तिथं आवडनिवड इंग्रजीतच सांगायची पद्धत पडली होती. भूक मराठीत लागे, ठेच मराठीत लागे. पण गाजर आवडतं म्हणायचं तर 'आय लाइक कॅरट्स'. हसू नका. तुमच्या घरी काय वेगळं चालतं?

या जंगलात ससुली नावाची सशीण राहायची. तिला साळिंदराचं स्थळ सांगून आलं. घराणं मोठं, बिळाला दोन दारं. शेजारी बसणाऱ्याला काटे टोचत, पण एवढं तेवढं चालायचंच.

आईनं ससुलीला लगेच पोपटसरांच्या क्लासला घातलं. लाइक, लव्ह, हेट, डिसलाइक आणि त्यांच्या मागून काय येतं, ते सगळं तिनं घोकलं. पोर हुशार होती.

मुलगी पाहायचा कार्यक्रम ठरला. पोपटसरही आले. पोहे झाल्यावर साळिंदराची आई म्हणाली, "मुली, तुझ्या आवडीनिवडी सांग बरं. इंग्रजीत हं!"

ससुलीनं मान वर केली. "आय डिसलाइक युअर सन. आय हेट सिटिंग निअर हिम. आय वुड हेट टू मॅरी हिम."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"एक चूक नाही हो!" साळिंदराची आई म्हणाली.

पोपटसरांना तर भरूनच आलं.

"जावईबापूंनीही काहीतरी बोलावं," ससुलीचे बाबा म्हणाले.

"आय लाइकिंग शी," साळिंदर म्हणाला.

"मुलग्याचं एवढं काय बघायचं!" त्याची आई म्हणाली. "लग्न ठरलं म्हणा. साखरपुडा आत्ताच उरकून घेऊ."

ससुलीला कोणी विचारलं नाही. विचारायचं काय? तिनं सांगितलं होतं, आणि फारच छान सांगितलं होतं.

कुंकू लावायला सासूबाईंचं बोट पुढं आलं, तशी ससुली घाबरली. सगळा क्लास विसरली आणि आईच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. "आई, मला हा नको गं! मला नाही आवडत!"

बोट जागच्या जागी थांबलं.

"अगं बाई! मुलगी आवडनिवड मराठीत सांगते?"

पाहुणे तडक उठले. आणलेले पेढेसुद्धा परत घेऊन गेले.

ससुलीच्या आईनं कपाळावर हात मारला. "मेले, इतकं सुरेख नाही म्हणत होतीस, मग हे काय सुचलं तुला?"

तात्पर्य: बाळांनो, इंग्रजी जरूर शिका, बिनचूक शिका. फक्त आपलं म्हणणं कोणीतरी ऐकावं असं ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी चुका.