कबुली द्या, घरी जा

व्यसनी माणूस आपलं व्यसन कधीच कबूल करत नाही, हे शास्त्राला मान्य आहे. आमचे डॉक्टरसाहेब फक्त एक पाऊल पुढे गेले: जो कबूल करत नाही, तो व्यसनीच. त्या दिवसापासून आमचं व्यसनमुक्ती केंद्र जे भरलंय ते भरलंय. (मी तिथला नोंदणी कारकून. मला तंबाखूचं व्यसन आहे, असं पहिल्याच दिवशी लिहून दिलं. खात नाही, पण नोकरी टिकली.)

पद्धत सोपी. कबुली दिली की बरा, घरी. नाकारलं की दाखल. त्यामुळे यश शंभर टक्के. लोक नावं ठेवतात, ठेवोत बापडे. चौकशीला तिघांची समिती आली होती. डॉक्टरांनी अदबीने विचारलं, "आपल्याला कसलं व्यसन?" तिघेही म्हणाले, "छे, कसलंच नाही." सध्या ते सात, आठ आणि नऊ नंबरच्या खाटेवर आहेत. अहवाल अनुकूल असेल असं कळतं.

मग एक बाई नवऱ्याला घेऊन आली. तो उंबऱ्यातच दोनदा धडपडला.

"पिता?"

"पितो की साहेब. आत्ताच घेतली."

एवढी लख्ख कबुली ऐकून डॉक्टर गहिवरले. प्रमाणपत्र देऊन त्याला लगेच घरी पाठवलं. मग सवयीने बाईकडे वळले. "आणि तुम्ही?"

"मी? अहो, थेंबाला शिवले नाही कधी."

खाट नंबर चौदा.

"दहा दिवसांवर पोरीचं लग्न आलंय हो," बाई मला म्हणाली. "हे असे. बघणार कोण?"

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. "ताई, एक ओळ लिहा आणि सुटा."

"खोटं लिहू?"

आठ दिवस अडून बसली. (नोंद: तीव्र नकार.) नवव्या दिवशी लिहिलं, 'मी दारू पिते.' डॉक्टरांनी कागद तिच्या फोटोसकट दर्शनी भिंतीवर लावला. त्याच दुपारी नळ दुरुस्तीला आलेला माणूस नेमका नवऱ्या मुलाचा काका निघाला. त्याने भिंत वाचली, नळ तसाच गळता ठेवून गेला. लग्न मोडलं.

डॉक्टरांना तुम्ही मनात काय काय म्हणत असाल, कल्पना आहे. बाई निर्दोष आहे, हेही आता तुम्हाला ठाऊक आहे. मुलगी शिकलेली, कामसू, स्वभावाने गरीब. तुमच्याकडे लग्नाचा मुलगा आहे ना?

हां. घरी विचारून कळवता. बरं, तसं सांगतो तिला. आतापर्यंत सगळे हेच म्हणालेत.